सुट्टीतले शिबिर निवडताना

मार्च सुरू झाला की शाळेच्या फाटकाबाहेर पत्रके वाटली जातात आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘समर कॅम्प’, ‘यंग लीडर्स’, ‘ज्युनिअर सायंटिस्ट’ अशा जाहिरातींची रीघ लागते. आठवी ते बारावीच्या मुलांचे पालक दरवर्षी त्याच प्रश्नांत अडकतात. पंचवीस-तीस हजार भरून पाठवावे का? त्या प्रमाणपत्राचा अकरावीला, पुढे इंजिनिअरिंगला काही उपयोग होतो का? नववीची परीक्षा संपताच दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते, मग शिबिराला वेळ कुठला? आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना वाटते, हे सगळे पुण्या-मुंबईच्या मुलांसाठीच असावे.

तसे ते नाही. महाराष्ट्रातल्या मुलांना खुल्या असलेल्या उत्तम संधींपैकी बऱ्याच संधी एकतर मोफत आहेत, नाहीतर बेताच्या खर्चाच्या. त्यांतल्या एका मोठ्या संधीत तर ग्रामीण शाळेतल्या मुलाला जादा गुण मिळतात. मात्र अशा संधींची जाहिरात फारशी होत नाही आणि त्यांच्या अर्जांची मुदत सुट्टी लागण्याच्या कितीतरी आधी संपते. पत्रके हाती येतात तोवर चांगले दरवाजे बंद झालेले असतात.

प्रमाणपत्र कुठे चालते?

आधी हा विषय संपवूया, कारण बहुतेक पैसे याच आशेने भरले जातात. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. इंजिनिअरिंगला जेईई आणि एमएचटी-सीईटी, वैद्यकीयला नीट. या तिन्ही ठिकाणी शिबिराच्या प्रमाणपत्राला जागाच नाही. अपवाद मोजके आहेत. क्रीडा स्पर्धा, एनसीसी आणि स्काउट-गाइड यांतल्या ठरावीक कामगिरीसाठी राज्य मंडळ दहावी-बारावीला सवलतीचे गुण देते. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत, वेळेत जावा लागतो. गणित ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय टप्प्यात यश मिळवणाऱ्या मुलांसाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत वेगळी वाट आहे.

फ्लेम, अशोका यांसारखी खासगी विद्यापीठे आणि परदेशातली बरीच महाविद्यालये निबंध आणि मुलाखत घेतात. तिथेही दहा प्रमाणपत्रांपेक्षा एका कामात मूल किती खोल गेले, हे विचारले जाते. म्हणून निवड करताना कसोटी एकच ठेवा: शिबिरातून परतल्यावर मुलाला असे काय करता येईल, जे आज येत नाही? आयोजकाला या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही, तर ते शिबिर सोडून द्या.

विज्ञान आणि गणिताची ओढ असेल तर

नववीतल्या मुलासाठी पहिले नाव इस्रोच्या ‘युविका’ कार्यक्रमाचे. २०१९ मध्ये सुरू झालेला हा साधारण दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम मे महिन्यात इस्रोच्या तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, डेहराडून आणि शिलाँग इथल्या केंद्रांवर होतो. विद्यार्थ्याचा प्रवास, राहणे, जेवण आणि साहित्याचा खर्च इस्रो करते. नोंदणी ऑनलाइन होते, साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चमध्ये संपते.

निवड कशी होते, हे नीट समजून घ्या. आठवीच्या गुणांना निम्मे महत्त्व असते. ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-गाइड किंवा एनसीसी यांचे थोडेथोडे गुण असतात. पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्यांना आजवरच्या निवडीत १५ टक्के मिळाले आहेत. म्हणजे आठवीला चांगले गुण असलेली, तालुका पातळीच्या विज्ञान प्रदर्शनात उतरलेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारी मुलगी या यादीत शहरातल्या मुलांच्या बरोबरीने उभी असते. तिला फक्त फेब्रुवारीत कोणीतरी सांगायला हवे. प्रदर्शनात भाग घेतल्याचा दाखला मुख्याध्यापकांकडून आधीच घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी सही मिळत नाही.

ऑलिंपियाडची वाट लांबची आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान या विषयांची पहिली परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते आणि तिची नोंदणी त्याआधी काही महिने. गणिताची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम परीक्षा सप्टेंबरमध्येच असते. टप्पे पार करत गेलेल्या मोजक्या मुलांसाठी उन्हाळ्यात देशपातळीवरचे शिबिर भरते. विज्ञान विषयांचे शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. शेवटपर्यंत पोचणारे थोडेच, पण या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. गणिताची आवड असलेले मूल सुट्टीत रोज असा एकच प्रश्न घेऊन दोन तास त्याच्याशी झुंजले, तरी ती सुट्टी कारणी लागली.

पुण्याजवळ राहणाऱ्यांसाठी आयुका या खगोलविज्ञान संस्थेचा उन्हाळी उपक्रम अनेक वर्षे चालत आला आहे. शाळेमार्फत गेलेली मुले आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर छोटा प्रकल्प करतात. ठरलेला अभ्यासक्रम नसतो, व्याख्यानांचा मारा नसतो. अखेरीस आपण काय केले, ते मुलांनी लिहून द्यायचे. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र आणि पणजीजवळ मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र यांच्या सुट्टीतल्या उपक्रमांची चौकशी थेट केंद्रात करा. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेलाही विचारा. १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवणारी ही संस्था आहे आणि इंग्रजीची भीती असलेल्या मुलाला तिथे आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतात.

मुलींच्या पालकांनी ‘विज्ञान ज्योती’ हे नाव लक्षात ठेवावे. केंद्र सरकारचा हा कार्यक्रम नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे आणि निवडक जिल्ह्यांत जवाहर नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का, हे नवोदय विद्यालयात समजेल.

एक सावधगिरी. दरवर्षी फिरणाऱ्या ‘विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाच्या परीक्षा’ या यादीत अजूनही केव्हीपीवाय आणि एनटीएसई या शिष्यवृत्ती परीक्षांची नावे असतात. केव्हीपीवाय २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली, आणि एनटीएसई २०२१ नंतर थांबली. त्यांच्या नावाने कोणी सुट्टीतली बॅच विकत असेल तर पैसे भरू नका.

नेतृत्व म्हणजे नेमके काय शिकायचे?

वातानुकूलित सभागृहात तीन दिवस ‘लीडरशिप’वर भाषणे ऐकून कोणी पुढारपण शिकत नाही. ते येते दुसऱ्यांची जबाबदारी अंगावर पडल्यावर. एनसीसीच्या दहा दिवसांच्या शिबिरात तुकडीची जबाबदारी मिळालेल्या नववीच्या मुलीला पहाटे सगळ्यांना उठवायचे असते, हजेरी द्यायची असते. कोणाला ताप आला, कोणाचा बूट फाटला, कोण रात्रभर घरच्या आठवणीने रडली, हे तिला माहीत असावे लागते. कवायत चुकली तर बोलणी तिला बसतात. हे शिक्षण कुठल्या पत्रकावर छापता येत नाही.

एनसीसीत शाळेतूनच, बहुधा आठवीत, वर्षाच्या सुरुवातीला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि शिबिर पूर्ण केल्यावर ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. शाळेत तुकडी नसेल तर स्काउट-गाइडची चौकशी करा. अकरावी-बारावीला राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आहे: दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. कनिष्ठ महाविद्यालय निवडताना तिथे एनएसएसचे युनिट आहे का, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. विचारायला हवा.

सुट्टीपुरत्या अनुभवासाठीही महाराष्ट्रात जुन्या, भरवशाच्या जागा आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथ इथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. सकाळी कुदळ-फावडे घेऊन श्रमदान, दुपारी चर्चा, संध्याकाळी गाणी, आणि शेजारच्या चटईवर दुसऱ्या जिल्ह्यातला अनोळखी मुलगा. चंद्रपूरचे मेमधले ऊन सोपे नसते, म्हणून वयाची अट आणि मुलाची प्रकृती दोन्ही आधी पाहा. १९४१ पासूनचे राष्ट्र सेवा दल आणि १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्ञान प्रबोधिनी याही संस्था शिबिरे घेतात. प्रबोधिनीची केंद्रे निगडी, सोलापूर आणि हराळी इथेही आहेत. या सगळ्या संस्थांची स्वतःची विचारसरणी आहे. ती समजून घेऊन मुलाला पाठवा. विचार पटत नसतील, तर शिबिर कितीही स्वस्त असले तरी दुसरीकडे बघा.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ उपक्रम १८ वर्षांवरच्या तरुणांसाठी आहे, शाळकरी मुलांसाठी नाही. दहावी-बारावीचे पालक त्याबद्दल आवर्जून विचारतात, म्हणून हा उल्लेख.

आणखी एक पर्याय हाताशी असतो, पण नजरेतून सुटतो. तुमच्या गावात किंवा पेठेत लहान मुलांची बालभवने, वाचनालये, संस्कारवर्ग सुट्टीत चालतात. दहावी झालेल्या मुलाने तिथे महिनाभर ‘दादा’ म्हणून काम केले, दुसरी-तिसरीतल्या वीस मुलांना खेळवले, त्यांची भांडणे सोडवली, की माणसे सांभाळणे म्हणजे काय ते त्याला कळते. खर्च शून्य.

डोंगर आणि पाणी: इथे तडजोड नको

गिर्यारोहणाची खरी आवड असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट या सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो, वयाची आणि वैद्यकीय तपासणीची अट कडक असते आणि जागा बरेच महिने आधी भरतात. जंगल, पक्षी, झाडे यांची ओढ असणाऱ्यांसाठी १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईतल्या गोरेगावच्या आपल्या केंद्रात निसर्गशिक्षणाचे काम करते.

खासगी आयोजकांबाबत मात्र चौकशीत कसूर नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतरही ओळखीच्या एखाद्या ‘सरांच्या’ भरवशावर मुले धरणावर, धबधब्यावर नेली जातात. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र मागा. ‘प्रक्रिया चालू आहे’ असे उत्तर आले, तर मूल पाठवू नका.

घरी राहून, पैसे न घालवता

बाहेर पाठवणे शक्य नसेल, तर घरच्या उन्हाळ्यातही मोठे काम उभे राहते. गावातल्या विहिरीचे उदाहरण घ्या. कठड्यावर रंगाने एक खूण करायची. दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्याआधी, वजन बांधलेली दोरी त्या खुणेपासून पाण्यापर्यंत सोडायची आणि ओली झालेली जागा पाहून अंतर मोजपट्टीने मोजायचे. वहीत चार रकाने: तारीख, वेळ, खोली, आदल्या दिवशी पंप किती तास चालला. सोबत मोठे माणूस हवेच. अशा चार-पाच विहिरींच्या नोंदी एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत ठेवल्या की आलेख तयार होतो. कुठल्या विहिरीचे पाणी आधी उतरले आणि का, हे मूल लोकांना विचारू लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. मुलाच्या वहीत त्याहून दाट नोंदी असतील.

१ मे रोजी ग्रामसभा असते. मुलाला मत नसले तरी तिथे बसून ऐकता येते, आणि १५ ऑगस्टच्या सभेत सरपंचांच्या परवानगीने हा आलेख मांडता येतो. हेच काम पुढे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला चालते. इन्स्पायर-मानक योजनेत कल्पना म्हणूनही ते शाळेमार्फत पाठवता येते. निवड झाल्यास विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात.

शहरातल्या मुलासाठी ‘सीझनवॉच’ आहे. एक झाड निवडायचे, दर आठवड्याला त्याची पाने-फुले-फळे पाहून नोंद करायची. उन्हाळ्यात सोसायटीतला बहावा यासाठी उत्तम. लिहिण्याची आवड असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहात विद्यार्थ्यांचे लेखनही घेतले जाते आणि तो मराठीतही वाचता येतो.

दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम शिकायला पाठवणार असाल, तर कायदा लक्षात घ्या. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयात धोक्याचे काम देता येत नाही.

नववीतून दहावीत जाताना

सगळ्यात जास्त ओढाताण या सुट्टीत होते. पूर्ण सुट्टी क्लासला देऊ नका. व्हेकेशन बॅच घ्यायचीच असेल, तर प्रवेश घेतानाच मेमधले दोन आठवडे मुलगा येणार नाही असे सांगा आणि तेवढा भाग भरून देण्याचे लेखी कबूल करून घ्या. युविकासाठी निवड झाली असेल तर क्लास थांबू द्या. ती संधी नववीलाच आहे, पुन्हा येत नाही.

दहावीची परीक्षा झालेल्यांना मार्चपासून अकरावी सुरू होईपर्यंत आयुष्यातली बहुधा सर्वांत लांब सुट्टी मिळते. एमएस-सीआयटी उरकायला हरकत नाही, पण त्याला दिवसातला थोडाच वेळ लागतो. उरलेल्या वेळेसाठी वरच्यापैकी एक काहीतरी ठरवा. गोव्यात २०२५ पासून शाळेचे वर्ष सहावीपासून पुढे एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्याने तिथे मोकळा फक्त मे महिना उरतो. महाराष्ट्रातल्या शिबिराला नाव देण्याआधी तारखा जुळतात का ते पाहा.

‘तुमच्या पाल्याची निवड झाली आहे’

असे अभिनंदनाचे पत्र किंवा ई-मेल आले की घरात आनंद होतो. मुलाचे नाव ठळक अक्षरात, परदेशी वाटणारे बोधचिन्ह, ‘जागतिक’ शब्द तीन-चार वेळा, आणि शेवटच्या ओळीत सात दिवसांत भरायची रक्कम. जिथे अर्ज केला नाही, परीक्षा दिली नाही, कोणी काम पाहिले नाही, तिथे निवड कशी होईल? ती विक्री आहे. काही कार्यक्रम प्रामाणिकही असतात, पण त्यांची फी ‘बहुमान’ समजून भरू नका. परदेशी विद्यापीठाच्या आवारात भरलेला प्रत्येक कार्यक्रम त्या विद्यापीठाचा नसतो. जागा भाड्याने मिळते. विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत तो कार्यक्रम आहे का, एवढे तपासा.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- शिकवणारे कोण? जाहिरातीतले पाहुणे किती तास थांबणार?
- गेल्या वर्षीच्या दोन-तीन पालकांशी बोलणे करून द्याल का?
- मुलींसोबत रात्री मुक्कामाला महिला कार्यकर्त्या असतील का? किती मुलांमागे एक मोठे माणूस?
- जवळचे रुग्णालय किती अंतरावर, गाडी चोवीस तास आहे का, विमा कोणाचा?
- पोहणे किंवा डोंगर असेल तर प्रशिक्षित माणूस कोण, त्याचे प्रमाणपत्र कुठे?
- मूल घरी फोन कधी करू शकेल?
- रद्द झाल्यास किती पैसे, किती दिवसांत परत?
- फी सवलत आहे का? पत्रकात नसली तरी विचारा, अनेक संस्था देतात.

उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी घ्या.

तुमचे हक्क

पैसे घेऊन शिबिर भरवणारी व्यावसायिक संस्था सेवा विकते, त्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तिला लागू होतो. सांगितले एक आणि दिले दुसरे, किंवा शिबिर रद्द करून पैसे अडकवले, तर आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तिथे शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. पावती, पत्रक आणि संदेश जपून ठेवा.

मुलांचे फोटो पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत वापरण्याची संमती बहुतेक अर्जांत बारीक अक्षरात असते. ती खोडून सही करा. १८ वर्षांखालील मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.

छळ, मारहाण किंवा लैंगिक गैरवर्तन झाले तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा पोक्सो कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ या कारणाने कोणी गप्प राहायला सांगितले, तर गप्प राहू नका. निघण्याआधी मुलाला हा क्रमांक पाठ करायला लावा आणि केव्हाही, कुठल्याही कारणाने ‘मला घ्यायला या’ असा फोन आला तर तुम्ही जाल, हे त्याला सांगून ठेवा.

मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना विनंती

युविकाचे दाखले, ऑलिंपियाडची नोंदणी, इन्स्पायर-मानकसाठीची नावे, एनसीसीची भरती या सगळ्यांत शाळेचा हात लागतो. ऑगस्टमध्ये ऑलिंपियाडची आणि फेब्रुवारीत युविकाची सूचना फळ्यावर लिहा, पालकसभेत वाचून दाखवा, आणि ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांचे अर्ज शाळेच्या संगणकावरून भरून द्या.